तलाव बायांचा, नंबर श्रीहरीचा

सावलीच्या बसस्टँडसमोर कय्यूमभाऊंचं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, पीकविमा, रेशनकार्डात नाव जोडणं, म्हणाल ते काम तिथे होतं. कय्यूम सचोटीचा माणूस. कोणाचा कागद त्याच्याकडून हरवत नाही, कोणाला तो उगाच चकरा मारायला लावत नाही, आणि म्हातारं माणूस आलं तर स्वतःची खुर्ची सोडून देतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते कोणा बदमाशाने केलेलं नाही. बदमाशाची गोष्ट सोपी असते. त्याला पकडायचं, चार शिव्या घालायच्या आणि आपण स्वच्छ म्हणून घरी जायचं. ही गोष्ट एका चांगल्या माणसाची आहे. म्हणून ती तुम्हालाही लागू पडते, आणि म्हणूनच ती तुम्हाला आवडणार नाही.

त्या सेंटरात एक रीत होती. गिऱ्हाईक यायचं, काउंटरवरून फोन कय्यूमकडे सरकवायचं आणि म्हणायचं, "तूच पाय बापा." म्हणजे, तूच बघ बाबा. फोनसोबत आधारकार्ड, आधारसोबत पासबुक. आणि फोनवर आलेला ओटीपी तर इतक्या मोठ्याने वाचायचं, की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही पाठ व्हावा. नाकारू नका, तुम्हीही असंच करता.

ईमेल विचारला की लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचे. त्यावर कय्यूमने सोपा उपाय काढला होता. बहुतेक वेबसाइटवर आत जायच्या दोन वाटा असतात. एका वाटेने जायचं तर स्वतःच्या नावाने खातं उघडायचं, स्वतःचा पासवर्ड ठेवायचा. दुसऱ्या वाटेवर एक बटण असतं. एखाद्या मोठ्या कंपनीचं ईमेल खातं तुमच्याकडे असलं की ते बटण दाबायचं, ती कंपनी तुमची ओळख पटवून देते आणि दार उघडतं. पासवर्ड करा, लिहून ठेवा, विसरा, ही कटकटच नाही. कय्यूमच्या संगणकावर दुकानाचं ईमेल खातं सहा वर्षांपासून उघडंच होतं. तो गिऱ्हाइकासाठी ते दुसरं बटण दाबायचा आणि काम व्हायचं.

मे महिन्यातल्या एका सकाळी विजेचा दाब अचानक वाढला आणि तो संगणक जळाला.

बुधवारी चंद्रपूरहून नवा संगणक आला. त्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमारास कुंताबाई दुकानात आल्या. सावली तालुक्यातल्या एका तलावाकाठच्या गावात ढिवर बायांची मच्छीमार संस्था आहे, एकेचाळीस बाया. कुंताबाई तिच्या अध्यक्ष. सोबत त्यांचे यजमान मनसाराम, कागदांची पिशवी घेऊन.

"घ्या कय्यूमभाऊ, अध्यक्ष आले," मनसाराम म्हणाला. "मी नुसता पिशवी धरणारा हाव."

"नीट धरा मंग. मांगच्या टायमाले ठरावावर चहा सांडला होता," कुंताबाई म्हणाल्या. "भाऊ, तलावाचा अर्ज टाकाचा हाय. शुक्रवार शेवटचा दिवस."

तलावाचा पाच वर्षांचा ठेका संपत आला होता. संस्थेने मुदतीच्या आत मत्स्य विभागाच्या पोर्टलवर अर्ज टाकला, तर तलाव पुन्हा पाच वर्षं बायांकडे. अर्ज चुकला, तर तलाव सगळ्यांसाठी खुला. आणि खुला म्हणजे कोणासाठी, हे या भागात लहान पोरालाही विचारा. तालुक्याचा ठेकेदार जाळी घेऊन तयारच बसला होता. एकेचाळीस घरांची चूल त्या पाण्यावर होती.

"दोन मिनिटं बाई," कय्यूम म्हणाला. पोर्टल उघडलं. नेहमीचं बटण दाबलं.

नवा संगणक कय्यूमला ओळखत नव्हता. त्याने दुकानाच्या ईमेल खात्याचा पासवर्ड मागितला.

कय्यूमने दुकानाचं नाव टाकून पाहिलं. नाही. मुलीचं नाव, आयत, आणि तिचं जन्मवर्ष टाकलं. नाही. गाडीचा नंबर टाकला. तेही नाही. पाचव्यांदा खात्याने सांगितलं, आता थोडा वेळ थांबा. सहा वर्षं जो माणूस रोज त्या खात्यात बसून होता, त्याला त्याचा पासवर्ड एकदाही टाकावा लागला नव्हता. टाकायची पाळीच आली नाही, तर तो माहीत कुठून असणार?

"पोर्टलवाल्याइलेच मांगा ना नवा पासवर्ड," कुंताबाई म्हणाल्या.

कय्यूमने 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. उत्तर आलं, या खात्याला इथला पासवर्ड नाही, हे खातं तुमच्या ईमेल कंपनीमार्फत उघडलेलं आहे. त्याने संस्थेचं नवंच खातं काढायला घेतलं. उत्तर आलं, या नोंदणी क्रमांकाची संस्था आधीच नोंदलेली आहे. मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्या बाईने शांतपणे सांगितलं, खात्याबाहेरून लॉगिन बदलायचं असेल तर अर्ज करा, पंधरा दिवसांत होऊन जाईल.

"पंधरा दिवसानं तं ठेकेदार आमच्याच तलावात आमाले रोजीनं बलावन," मनसाराम म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

कय्यूमने पुतण्याला फोन लावला. ते ईमेल खातं सहा वर्षांपूर्वी सरफराजने काढलं होतं. दुकान नवीन होतं, पोरगा हुशार होता, काकाने त्याला सांगितलं होतं, "तूच पाय." आता सरफराज माजरीला कोळसा खाणीच्या गाड्यांवर कामाला होता.

"चाचा, पासवर्ड पक्का याद नाई," सरफराज म्हणाला. "दोन-तीन जुने याद हायेत, त्यातला एक असन. पण नव्या संगणकावर तेवढ्यानं भागत नाई, फोनवर कोड बी मागवा ना."

"कोणत्या फोनवर?"

"माझ्या. तेव्हाच्या नंबरवर."

"मंग पाय, आला का?"

"चाचा, तो नंबर मी कवाच सोडला. रिचार्ज नाई केला तं बंद झाला. आता तो कोणाले गेला असन, मले का माहीत?"

कय्यूमने तो जुना नंबर लावला. घंटी गेली. एका वयस्क माणसाचा आवाज आला, "बोला."

"भाऊ, मी सावलीहून कय्यूम बोलून राह्यलो. तुमच्या फोनवर आता एक कोड येईन, तो जरा सांगता का? आमचं खातं..."

"ओटीपी मांगतं? सकाळपासून मीच भेटलो का तुले? पोलिसात देईन, ठेव फोन!"

पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला, तर त्या माणसाने उचलून नुसतं "चोट्टा!" म्हटलं आणि बंद केला.

"पायलं का बाई, कसा खडूस माणूस हाय!" कय्यूम घाम पुसत म्हणाला.

कुंताबाईंनी पिशवी बाकावर ठेवली. "खडूस काऊन? त्यानं तं बरोबर केलं. अनोळखी माणसानं कोड मांगतला, देला नाई. भाऊ, मी सहा वर्षं तुमच्यासमोर ओटीपी वाचून राह्यली. तुमी एक दिवस तरी म्हटलं का, बाई, मले सांगू नोको, तूच टाक?"

कय्यूमला ते झोंबलं. "म्हणजे मी चोर हाव का बाई? तुमच्या लोकाइचं ईमेल नाई, पासवर्ड लिहून देला तं चिठ्ठी हरवते, धोतरासंग धुऊन टाकते. मी माझं खातं वापरू देलं. सोयीसाठी देलं. आजपर्यंत कोणाचं वाकडं केलं का?"

"नाई केलं. तुमी चोर असते तं मी बोललीच नसती, दुसऱ्या दुकानात गेली असती." कुंताबाईंचा आवाज चढला नव्हता. "माह्या सासऱ्याच्या टायमाची गोष्ट सांगतो, ऐका. तवा बी सोसायटी ढिवराइचीच होती. कागदावर नावं आमची. पण सोसायटीचा शिक्का राहे ठेकेदाराच्या कपाटात. सासरा म्हणे, तो चांगला माणूस हाय, आपल्या घरी शिक्का हरपला असता. अना खरंच चांगला होता. वीस वर्षं त्यानं शिक्का वाकडा मारला नाई. मंग तो मेला, कपाट त्याच्या पोराकडे गेलं. पोरानं एका दुपारी आमचा ठराव आमच्याबिगर लिहिला अना शिक्का मारला. तलाव गेला. अकरा वर्षं आमच्या माणसाइनं आपल्याच पाण्यात रोजीनं जाळं ओढलं."

"म्हाताऱ्या ठेकेदारात खोट नव्हती," कुंताबाई म्हणाल्या. "शिक्का त्याच्याकडे ठेवला, ती चूक आमचीच. मी बी तुमाले तूच पाय म्हटलं. मी बी त्याच सासऱ्याची सून."

मग त्यांनी स्वतःच्या फोनवरून तो नंबर लावला. "भाऊ, ठेवू नोको. मले ओटीपी नाई पायजे."

"मंग काय पायजे?"

"तू देला नाई हे चांगलं केलं, एवढंच सांगाचं होतं."

पलीकडचा माणूस गोंधळला. रागावलेल्या माणसाला शाबासकी दिली की त्याचं असंच होतं. कुंताबाईंनी त्याला सगळं सांगितलं, तलाव, अर्ज, शुक्रवार. शेवटी विचारलं, "तू राहतं कुठी?"

"काऊन, घर लुटता का?" पण आवाज उतरला होता. "मार्कंड्याले नारळाचं दुकान हाय माहं. श्रीहरी म्हणून पुसा. सगळे कागद घेऊन या. ओटीपी भेटन असं मी म्हटलं नाई, समजलं?"

*

गुरुवारी सकाळीच दोन गाड्या निघाल्या. एकीवर कय्यूम, दुसरीवर मनसाराम आणि मागे कुंताबाई, पिशवी पोटाशी धरून. व्याहाडच्या पुढे वैनगंगेच्या पुलावर वारा गरम लागत होता. खाली नदी वाळूत एका कडेला सरकली होती. गडचिरोली, चामोर्शी करत ते मार्कंड्याला पोचले तेव्हा साडेनऊ वाजले होते.

देवळाच्या वाटेवर ताडपत्रीखाली श्रीहरीचं दुकान. नारळ, उदबत्ती, बेलाची पानं. साठीचा, बारीक, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस. त्याने आधी तिघांना माठातलं पाणी दिलं, मग चष्मा लावला आणि एकेक कागद वाचला. संस्थेचा नोंदणी दाखला. ठेक्याचा जुना आदेश. कुंताबाईंचं आधारकार्ड. फोटो पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"फोटोत तरण्या दिसता," तो म्हणाला.

"ठेका घेतल्यापासून सुकली ते," मनसाराम म्हणाला.

"आता मले समजावून सांगा," श्रीहरी म्हणाला. "तलाव कोणाचा?"

"संस्थेचा. आमचा," कुंताबाई म्हणाल्या.

"खातं कोणाच्या दुकानाचं?"

"माझ्या," कय्यूम म्हणाला.

"त्या खात्यावर नाव कोणाचं?"

"पुतण्याचं. सरफराजचं. तो माजरीले राहते."

"अना नंबर?"

कय्यूमने श्रीहरीच्या फोनकडे पाहिलं.

"माहा!" श्रीहरी एवढ्याने हसला की त्याला खोकला आला. पाणी पिऊन झाल्यावर मात्र तो हसत नव्हता. "दोन वर्षं झाले मले हा नंबर घेऊन. कवा कवा कोड येते, ह्याचा कोड, त्याचा कोड. मी म्हणे, कंपनीवाले काही तरी पाठवून राह्यले, अना पुसून टाको. कय्यूमभाऊ, मी चोर असतो तं?"

श्रीहरीने सरफराजला फोन लावायला लावला आणि त्याला स्वतः चार उलटसुलट प्रश्न विचारले, खातं कधी काढलं, कोणासाठी काढलं, त्या वेळी फोन कोणता होता. समाधान झाल्यावर म्हणाला, "मागवा कोड." कोड आला. त्याने तो कोणाला वाचून दाखवला नाही. कय्यूमचा फोन हातात घेतला आणि एकेक आकडा स्वतः टाकला. कागद खरे होते, माणसं समोर होती, म्हणून त्याने हे केलं. नसते, तर त्याने पोलिसांना फोन लावला असता आणि तेही योग्यच झालं असतं.

खात्याने आणखी एक जुना पासवर्ड विचारला. सरफराजने आठवून सांगितलेला दुसरा पासवर्ड चालला. खातं उघडलं.

"आता सगळं पाय त्यात, काय काय हाय," श्रीहरी म्हणाला. "माह्या नंबरावर काय काय उभं होतं, मले बी पाहू दे."

कय्यूमने खात्याच्या आत जाऊन यादी काढली. आजवर त्याने ती एकदाही उघडली नव्हती. या एका खात्याच्या हमीवर कुठली कुठली दारं उघडत होती, ते तिथे ओळीने दिसत होतं. तलावाचं पोर्टल. एका पोराच्या शिष्यवृत्तीचं खातं. एका म्हातारीच्या पेन्शनचं. ज्यांचे ईमेल कय्यूमने नव्याने काढून दिले होते त्यांची खाती, आणि त्या प्रत्येकाची पासवर्ड विसरल्यावर परत यायची वाट याच खात्यातून जात होती. तो मोजत गेला. सत्तेचाळीस!

सत्तेचाळीस माणसं! कोणी निफंद्र्याचं, कोणी पाथरीचं, कोणी कोळशाच्या धुळीतून सुट्टीला गावी आलेलं. त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं की त्यांचं दार मार्कंड्याच्या नारळाच्या दुकानात एका अनोळखी माणसाच्या खिशात उघडतं. त्या अनोळखी माणसालाही ठाऊक नव्हतं! आणि ज्याने हे सगळं केलं त्या कय्यूमलाही नव्हतं!

कय्यूम नारळाच्या पोत्यावर बसला. "मी सेवा करून राह्यलो होतो," तो हळू म्हणाला. "अल्ला शप्पथ, मले वाटे मी सेवा करून राह्यलो."

"सेवाच केली," श्रीहरी म्हणाला. "पण कशी केली पाय. बायाइनं तुले म्हटलं, तूच पाय. तू पुतण्याले म्हटलं, तूच पाय. पुतण्यानं कंपनीले म्हटलं, तूच पाय. कंपनीनं माह्याकडे कोड पाठवला, म्हणजे मलेच म्हटलं, तूच पाय. पाहणारा कोणीच नव्हता भाऊ. एवढ्या साऱ्या लोकाइत कोणीच पायलं नाई."

"ते बटण वाईटच हाय मंग," मनसाराम म्हणाला. "दाबाचंच नाई."

"बटणानं काय केलं?" कुंताबाई म्हणाल्या. "होडी वाईट राहते का? कोणाची होडी हाय अना वल्हं कोणाच्या हातात हाय, ते पाहून बसाव लागते. माह्या नावाचं ईमेल असतं, माह्या नंबरावर असतं, तं मी बी ते बटण दाबलं असतं. दुसऱ्याच्या नावानं आत गेली, ती चूक."

कय्यूमने तिथेच खात्याचा पासवर्ड बदलला, श्रीहरीचा नंबर काढून स्वतःचा घातला. मग म्हणाला, "बाई, आता आत तं आलो. आज सावलीत दिवसभर लाइन बंद हाय, उद्या सकाळी पयले कागद स्कॅन करतो अना अर्ज टाकून देतो. तुमचं वेगळं खातं मंग सवडीनं काढू."

"नाई. आधी दार आमच्या नावावर, मंग अर्ज."

"बाई, उद्या शेवटचा दिवस हाय! मधात काही अडकलं तं?"

"आधी अर्ज, मंग बाकी, हेच म्हणत पाच वर्षं गेले," कुंताबाई म्हणाल्या. "उद्या अर्ज गेला की मी घरी जाईन, तुमी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहान, अना सवड कवाच येणार नाई. तुमाले बी माहीत हाय."

कय्यूमला माहीत होतं.

*

शुक्रवारी दुकान उघडायच्या आधीच कुंताबाई दारात होत्या. सोबत संस्थेची सचिव रोशनी, बारावी शिकलेली, आणि सातआठ बाया. दुकानात उभं राहायला जागा नव्हती.

कय्यूमने आपली खुर्ची कुंताबाईंना दिली. संस्थेच्या नावाचं नवं ईमेल खातं. नंबर कुंताबाईंचा, दुसरा नंबर रोशनीचा, म्हणजे एकीचा फोन तलावात पडला तरी वाट बंद होऊ नये. ओटीपी आला. कुंताबाईंनी सवयीने वाचायला तोंड उघडलं.

"वाचू नका!" कय्यूम जवळजवळ ओरडला. "टाका."

त्यांनी टाकला. मग पासवर्डची जागा आली. कुंताबाईंनी बोट वर धरलं आणि कय्यूमकडे पाहिलं.

"तिकडं पाहा," त्या म्हणाल्या.

कय्यूम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मागे एका बोटाने एकेक कळ शोधल्याचा आवाज येत होता. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा दोन्ही जागी टाकलेलं जुळलं नाही. त्याचे हात शिवशिवत होते. त्याने हेच काम वीस सेकंदांत केलं असतं. रांगेतला एक जण कंटाळून म्हणाला, "भाऊ, तूच टाक ना बापा, आमाले बस पकडाची हाय."

"नाई," कय्यूम भिंतीकडे पाहतच म्हणाला. "त्याइचं ते टाकतीन. बस दुसरी येईन."

अकरा मिनिटं लागली. रोशनी फक्त बाजूला उभी होती, तिनेही पाहिलं नाही. मग पोर्टलवर जाऊन दुकानाचं खातं तिथून हटवलं, संस्थेचं जोडलं आणि पोर्टलचा स्वतंत्र पासवर्डही ठेवला, म्हणजे उद्या ईमेल कंपनीचं दार अडलं तरी हे दार उघडेल. त्यानंतर ठराव, आदेश, दाखला, एकेक कागद चढला. एकदा नेट गेलं. एका कागदाचा आकार मोठा झाला म्हणून परत आला. पाऊण वाजता पोर्टलने पोचपावती दिली. वर नाव होतं संस्थेचं, खाली अर्ज करणाऱ्याचं नाव कुंताबाईंचं.

"प्रिंट काढू का?" कय्यूमने विचारलं.

"काढा. अना तुमची मजुरी सांगा. काम तुमीच शिकवलं."

पुढचे तीन आठवडे कय्यूमने रोज दुपारी दोन-तीन लोकांना फोन करून बोलावलं. काहींनी कुरकुर केली. काही म्हणाले, "चालूच हाय ना भाऊ, काऊन हात लावतं?" एकाने तर तोंडावर सांगितलं की तुझा धंदा बुडेल, लोक स्वतःच करायला लागतील. कय्यूमने त्याला खुर्ची दिली आणि स्वतः भिंतीकडे वळला. पाठ फिरवून उभ्या राहणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाइकं कमी येतील असं त्यालाही वाटलं होतं. तसं झालं की नाही, याची काळजी करायला त्याला वेळच मिळाला नाही. सत्तेचाळीसपैकी पंचेचाळीस खाती ज्याची त्याच्या नावावर गेली. जी दोन माणसं वारली होती त्यांच्या घरच्यांना त्याने कागद घेऊन बोलावलं.

वाचकहो, सोय कोणाला नको असते? एका बटणाने दहा दारं उघडत असतील तर उघडा. पण उघडण्याआधी विचारा, हे खातं माझं आहे का? त्यावरचा नंबर आज माझ्या खिशात वाजतो का? ते खातं उद्या बंद पडलं तर आत जायची दुसरी वाट आहे का? उत्तर माहीत नसेल, तर तुमचं दार कुठल्या तरी श्रीहरीच्या खिशात आहे, आणि प्रत्येक श्रीहरी इमानदार नसतो. आपल्या लोकांना शेकडो वर्षं दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या अंगठ्यावर, दुसऱ्याच्या मेहेरबानीवर जगवलं गेलं. आता कोणी जबरदस्ती करत नाही, तरी आपणच फोन सरकवतो आणि म्हणतो, तूच पाय. लाज वाटू द्या थोडी! अकरा मिनिटं लागतात. लागू द्या. आणि तुम्ही काउंटरच्या आत बसत असाल, तर त्या अकरा मिनिटांसाठी तोंड वळवा. चांगुलपणाची तेवढी किंमत मोजा.

ठेक्याचा आदेश जूनच्या मधल्या आठवड्यात आला. कुंताबाई तेव्हा गुडघाभर पाण्यात जाळं सोडवत होत्या. कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. त्यांनी पदराला हात पुसले, खातं उघडलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं. मग काठावरच्या बायांना ओरडून सांगितलं, "पाच वर्षं!"

कय्यूमला ही बातमी दुसऱ्या दिवशी कळली.